एका फळीतून वाडगा: स्क्रोल सॉवर पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पाते वरखाली हलणाऱ्या करवतीच्या मशीनवर, नावांच्या पाट्या आणि जाळीची नक्षी कापून ज्यांचा हात बसला आहे आणि ज्यांना आता वाडगा करून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पाते कसे लावायचे आणि किती ताणायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. फळीवर एकात एक वर्तुळे आखायची, टेबल तिरपे करून ती कापायची आणि निघालेल्या रिंगा उतरत्या क्रमाने एकीखाली एक चिकटवायच्या, अशी ही कृती आहे. २०० मिलिमीटर व्यासाच्या आणि १९ मिलिमीटर जाडीच्या चकतीतून १० मिलिमीटर रुंदीच्या चार रिंगा आणि तळाचा तुकडा निघतो आणि पाच थर मिळून साडेनऊ सेंटिमीटर उंच वाडगा उभा राहतो. लेथवर ठोकळा पोखरताना जे लाकूड भुसा होऊन जाते, त्याचीच इथे भिंत होते. शिसवीसारखे महाग लाकूड इतक्या काटकसरीने वापरू देणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

माझा सर्वांत जास्त वेळ आणि लाकूड कोनाने खाल्ले, म्हणून कोनाविषयी जरा विस्ताराने लिहितो. तयार नकाशांवर कोन छापलेला असतो. वरच्या मापाला तो २८ अंश येतो. नवखा माणूस टेबल तेवढे झुकवतो आणि कापायला लागतो. तो कोन १९ मिलिमीटरच्या फळीसाठी काढलेला आहे, इकडे त्याचे लक्ष जात नाही. वखारीतून आणलेली पाऊण इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधून घेतली की पुष्कळदा १७ मिलिमीटरच उरते. रिंगेची रुंदी भागिले फळीची जाडी हे या कोनाचे टॅन्जंट असते. १९ मिलिमीटरच्या फळीत २८ अंशांवर रिंगेची खालची कड वरच्या कडेपेक्षा १० मिलिमीटर आत सरकते आणि म्हणूनच ती पुढच्या रिंगेच्या वरच्या कडेशी जुळते. १७ मिलिमीटरच्या फळीत ती जेमतेम ९ मिलिमीटर सरकते. मग प्रत्येक सांध्यावर बाहेरून वरची रिंग पुढे येते, आतून खालची रिंग पुढे येते, आणि या पायऱ्या घासून काढता काढता भिंत कुठे जाड तर कुठे पातळ होऊन बसते. त्या फळीला साडेतीस अंशांचा कोन हवा होता.

तेव्हा फळी रंधून झाल्यावर व्हर्नियरने तिची जाडी चारही बाजूंना मोजा आणि कोन स्वतः काढा. टेबलाखालच्या पट्टीवरच्या खुणांवर मुळीच विसंबू नका, कारण त्या अंदाजापुरत्याच असतात. जाड पुठ्ठ्याचा त्या कोनाचा तुकडा कापून पात्याला टेकवून पाहा. त्यानंतरही त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर १० मिलिमीटर अंतराने तीन सरळ रेषा एकाच दिशेने कापा आणि निघालेल्या दोन पट्ट्या एकीखाली एक ठेवून त्यांच्या तिरप्या बाजूंवरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली नाही, तरच चकतीला हात लावा. छापील कोनावर काम उरकण्याचा आळस या एकाच ठिकाणी अत्यंत महाग पडतो.

टेबलाची डावी बाजू खाली असेल, तर चकतीचे केंद्र सतत पात्याच्या डावीकडे राहिले पाहिजे, म्हणजे पाते आखलेल्या रेषेवरून घड्याळाच्या दिशेने जाईल. उलट फिरवलेत, तर रिंग खाली रुंद होईल आणि ती फळी वाया गेलीच म्हणून समजा. पाते ओवण्याचे भोकही त्याच कोनात, खाली केंद्राकडे झुकणारे हवे. त्यासाठी त्या कोनात कापलेला ठोकळा ड्रिलच्या बाजूला आधाराला ठेवावा. टोकांना आडवी पिन असलेली पाती घेणारे मशीन या कामासाठी घेऊ नका, कारण पिन जाण्याइतके मोठे भोक भिंतीत कायम दिसत राहते. साधे, बिनपिनचे, ९ नंबरचे पाते लावा.

हात थोडा हलला म्हणून घाबरून जाऊ नका. सुरुवातीला बाहेरच्या दोनच रेषा आखाव्यात, पहिली रिंग कापावी, ती उरलेल्या चकतीवर मधोमध ठेवावी आणि तिच्या आतल्या कडेने पेन्सिल फिरवून पुढची रेषा मिळवावी. हाताचा हेलकावा असा पुढच्या रिंगेतही उतरतो, त्यामुळे सांधे जुळतात आणि बाकीचे पॉलिश पेपर सांभाळून घेतो.

लाकडाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: पहिला वाडगा शिवणीचा करावा. हे लाकूड हलके आहे, सहज कापले जाते आणि फारसे पिळत नाही. सागातल्या सिलिकाने पाती लवकर बोथट होतात आणि तेलकटपणामुळे सांधा नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी तो ॲसिटोनने पुसावा लागतो. शिसवीचा भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो. मास्कशिवाय ती कापूच नका. पुण्यात असाल, तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एखाद्या जुन्या सुताराला बरोबर न्या. त्याने स्क्रोल सॉ कधी पाहिलाही नसेल, पण फळी पुरती वाळली आहे की नाही हे तो हात लावून सांगतो, आणि माझ्या मते असा माणूस व्हिडिओ करणाऱ्या दहा जणांपेक्षा चांगला गुरू असतो.

कापण्यापूर्वी चकतीवर एका बाजूला, लाकडातल्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने, सर्व रिंगांवरून जाणारी एकच पेन्सिलची खूण करा आणि चिकटवताना त्या खुणा एका ओळीत आणा. लाकूड तंतूंच्या रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगते आणि आक्रसते. रिंगा वेड्यावाकड्या फिरवून चिकटवल्या, तर पावसाळ्यात एक रिंग एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे ओढते आणि सांधा उलतो. फेव्हिकॉल पातळ लावा, वरखाली प्लायचे तुकडे ठेवून शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवा. तळ मात्र लगेच चिकटवू नका. आधी चारही रिंगांचे नळकांडे दोन्ही बाजूंनी उघडे असतानाच ते आतून ८० नंबरच्या पेपरपासून २२० पर्यंत घासून घ्या, कारण तळ बसला की खालच्या कोपऱ्यात हात नीट पोहोचत नाही. तळ बसल्यावर बाहेरची बाजू घासून लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्या. अशा वाडग्यात सुकामेवा खुशाल ठेवावा, ओले किंवा गरम काही ठेवू नये.