वकिलाच्या पाटीवर तराजू काढताना

वकिलांच्या पाट्या मी सव्वीस वर्षं रंगवतोय. शिकायला नवीन पोरगं आलं की मी आधी अक्षरं देत नाही, तराजू देतो.

पाटी फूटभर रुंद असेल तर दांडी आठ इंचांची धरा. मध्य पट्टीनं मोजा, नजरेनं नको. दोन्ही बाहू चार-चार इंच भरलेच पाहिजेत. वडिलांचं बार्शीला भुसारी दुकान होतं. रिकामी तागडी सरळ दिसली म्हणून ते समाधान मानत नसत. एक बाहू आखूड आणि त्या बाजूचं पारडं जड असेल, तर रिकामी तागडी सरळच दिसते. म्हणून ते धान्य आणि वजनं इकडची तिकडे करून पुन्हा तोलायचे. खोट असली की लगेच उघडी पडायची. वादी-प्रतिवादींच्या जागाही मनातल्या मनात अशाच बदलून बघायला हव्यात, असं मला तेव्हापासून वाटतं.

आता टांगायचं टिंब. ते दांडीच्या मध्यरेषेवर नको, जरासं वर घ्या. खऱ्या तागडीत ते वर असतं म्हणूनच दांडी हेलकावे खाऊन पुन्हा सरळ होते. खाली असेल तर ती उलटीच होईल.

साखळ्या नेहमी ओळंब्यात काढा. दांडी तिरकी काढली की पोरं पारडीही तिरकी काढतात, ते चूक. दांडी कितीही कलली तरी पारडं आडवंच लोंबतं.

पण मुळात दांडी कलवावी का? एका वकिलांनी मला एक पारडं खाली दाखवायला सांगितलं होतं, आपल्या अशिलाचं पारडं जड म्हणून. मी हात जोडून नाही म्हटलं. कललेली दांडी निकाल सांगते, आणि पाटी तर सुनावणीच्या आधीच वाचली जाते. जुन्या इजिप्तच्या चित्रांत मेलेल्या माणसाचं हृदय सत्य-न्यायाची देवी मात हिच्या पिसाशी तोलतात. तिथे कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजूपाशी बसून ओळंबा नीट करत असतो. तोलण्याआधी तराजू तपासणारा तो देव मला फार जवळचा वाटतो. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीत तुलादिव्य आहे: आरोपीला दोनदा तोलायचं, दुसऱ्यांदा हलका भरला तर निर्दोष. ती पद्धत गेली हे बरंच झालं.

बाईची मूर्तीही हवी असेल तर डोळ्यांवर पट्टी काढायलाच हवी असं नाही. लंडनच्या ओल्ड बेलीवरच्या मूर्तीला ती नाही. सर्वोच्च न्यायालयात २०२४ साली लोकांसमोर आलेल्या मूर्तीचे डोळेही उघडे आहेत. तलवारीच्या जागी संविधान आलं, तराजू मात्र तसाच राहिला. त्या न्यायालयाची इमारतच तराजूच्या आकाराची आहे: मधला भाग दांडी, दोन्ही बाजू पारडी. १९५८ साली न्यायालय तिथे गेलं. आराखडा गणेश भिकाजी देवळालीकरांचा, हे मी प्रत्येक पोराला आवर्जून सांगतो.

काटा सगळ्यात शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून एका ओढीत. मग पाटी उलटी धरून बघा. सुलट्यात न दिसलेला कल उलट्यात दिसतो. दिसला तर रंग ओला आहे तोवर पुसा आणि दांडीपासून पुन्हा काढा.