घरातल्या गुप्तहेरणीसाठी मोहीम

भाची आठ वर्षांची आहे. खेळणी दिली की दहा मिनिटांत कंटाळते, मोहीम दिली की दुपारभर नाव काढत नाही. त्यामुळे सुट्टीत मावशीचं खातं म्हणजे हेरखातं. बहिर्जी नाईकांची गोष्ट आधी सांगून ठेवा, रंग चढतो.

शाई लिंबाची. अर्ध्या लिंबाच्या रसात थोडं पाणी घाला, कान कोरायच्या काडीनं पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर कागदाला सुरकुत्या पडतात आणि हेर न होताच पोरगी ओळखते. वाचायला गरम इस्त्री, वाफ बंद करून, वर जुना सुती कपडा टाकून. रस लागलेली जागा बाकी कागदाआधी करपते, म्हणून अक्षरं तपकिरी उमटतात. इस्त्री मोठ्यांनीच धरायची. मेणबत्ती नकोच.

मजकूर सरळ लिहू नका. प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकवा, काना-मात्रा तशाच ठेवा: 'कपाट' झालं 'खफाठ'. ङ आणि ञ गाळा, 'घ'नंतर थेट 'च'. 'ळ'नंतर पुन्हा 'क'. जोडाक्षरं पहिल्या दिवशी टाळा, नाहीतर रडारड.

चिठ्ठ्या चारच पुरेत: चपलांचं कपाट, तांदळाचा डबा, आजोबांचा चष्म्याचा खोका, शेवटची शेजारच्या काकूंकडे. काकूंनी सांकेतिक शब्द विचारल्याशिवाय चिठ्ठी द्यायची नाही, हे त्यांना आधी बजावून ठेवा. त्या प्रेमानं लगेच देऊन टाकतात, वर लाडूही.