साथीच्या दिवसांत मेनू कापायचा तो असा

साथीत गिऱ्हाईक किती येईल याचा भरवसा नसतो आणि भरलेला माल फ्रीजमध्येच सडतो. मेनू छोटा करायचा हे कळतं, पण कापायचं काय, तिथे घोडं अडतं.

एका कागदावर डावीकडे नाशवंत माल लिहा, प्रत्येकासमोर तो लागणारे पदार्थ. ज्या मालापुढे एकच पदार्थ आला, तो पदार्थ सध्या बंद. खरेदी आटोक्यात येते, शिवाय स्वयंपाकघरात माणसं कमी लागतात आणि त्यांना अंतर ठेवून उभं राहता येतं. रोज हमखास खपणाऱ्या पदार्थाला मात्र हात लावू नका.

शिजवलेलं उरलंच तर 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे; पसरट भांड्यात काढलं की लवकर निवतं.