अरण्यविहार उभा करायचाय? आधी जेवणाची वही भरा

सोलापूरजवळच्या माळावर अरण्यविहार, म्हणजे बौद्ध भिक्खूंसाठी गावाबाहेरचा विहार, बांधायचं ठरलं की बैठकीत पहिला विषय निघतो तो मूर्ती किती फुटांची. मूर्ती येईल. आधी एक दोनशे पानी वही आणा. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे (भिक्खू पावसाळ्यात एकाच जागी राहतात तो काळ) तीन महिने, एकेक तारीख लिहा आणि प्रत्येकीपुढे भोजनदानाचं घर. शेजारी एक राखीव घर. रविवार लगेच भरतात, मंगळवार-बुधवार रिकामे राहतात. भंते (भिक्खू) स्वतः रांधत नाहीत, पैसा हातात घेत नाहीत, दुपारनंतर जेवत नाहीत आणि उद्यासाठी अन्न ठेवत नाहीत. गेल्या वर्षावासात आमचा एक मंगळवार चुकला. ज्यांची पाळी होती त्यांच्या मुलाला रात्री ताप आला, निरोप द्यायचा राहिला, आणि आम्हाला कळलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. भंते दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यावर राहिले, एका शब्दानं बोलले नाहीत. तेव्हापासून शेजारच्या वस्तीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा कायम असतो. तो उपासकाच्या घरीच ठेवायचा, कुटीत नाही. साडेदहापर्यंत कोणी आलं नाही तर वस्तीवरच्या मावशी तोच डबा घेऊन निघतात आणि दोन्ही हातांनी पात्रात वाढतात.

आता जमीन. राखीव वनात बांधकामाचा विचारच नको, 1980 चा वन संवर्धन कायदा आडवा येतो. नान्नज-मार्डीकडे जागा असेल तर माळढोक अभयारण्याची हद्द वनविभागाकडून तपासून घ्या. सातबारा स्वतः वाचा. दान मिळणारी जमीन पूर्वीची महार वतनाची, वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर करू नका, दात्याच्या नातवंडांना पुढे त्रास होतो. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आधीच करून ठेवा.

अंतरही मोजा. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, अरण्यातला निवास गावापासून निदान 500 धनुष्यं लांब सांगितलाय, म्हणजे साधारण एक किलोमीटर. डबा घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या उपासिकेला तेवढं चालवतं का, हे तिच्याबरोबर एकदा चालूनच ठरवा.

बोअरला पाणी लागलं म्हणून हुरळू नका. मे महिन्यात ते किती मिनिटं चालतं ते बघा. पाणी गाळायला कापड हवंच, त्यात जीव जाऊ नये म्हणून.

कुटी लहान पुरते. जोतं दोन फूट उंच घ्या आणि दाराखाली फट ठेवू नका, माळावर घोणस असते. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असतं का, आधीच विचारून ठेवा. चंक्रमणाची, म्हणजे चालत ध्यान करायची, वाट सरळ, पंचवीस-तीस पावलांची, कडुनिंबाच्या सावलीत. भंतेंना माती खणणं, फांदी तोडणं वर्ज्य आहे, म्हणून खड्डे, कुंपण, तण हे सगळं आपल्याकडे. त्यासाठी महिन्यातला एक रविवार राखून ठेवा.

झाडं मात्र बांधकामाची वाट न बघता याच पावसाळ्यात लावा: कडुनिंब, हिवर, बोर, बाभूळ. पिंपळ जोत्यापासून चांगला लांब लावा, त्याची मुळं भिंतीत शिरतात. पहिले दोन उन्हाळे त्याला घागरीनं पाणी घालावं लागेल, आणि तेही कोण घालणार त्याचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.