लष्करमधल्या विहिरी आणि बावड्या एका सामायिक नकाशावर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या विहिरी आणि आसपासच्या बावड्या चार-पाच जणांनी मिळून नोंदवायच्या, तर लागतं थोडंच: प्रत्येकाचा मोबाइल, एक सामायिक गूगल शीट आणि नकाशा दाखवायला यूमॅप. यूमॅप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतो, फुकट आहे. असं काम सॉफ्टवेअरमुळे क्वचितच बिघडतं. बिघडतं ते तक्त्यामुळे. म्हणून पहिली संध्याकाळ नकाशा न उघडता तक्ता नीट बसवण्यात घालवा.

रकाने इतके पुरेत: क्रमांक, नाव, अक्षांश, रेखांश, पाणी आहे का, स्थान कसं घेतलं, नोंदवणारा, तारीख, फोटोचा दुवा. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांना इंग्रजी अक्षरांत ‘लॅट’ (lat) आणि ‘लॉन’ (lon) अशी नावं द्या, म्हणजे यूमॅप ते आपोआप ओळखतो. बाकी मजकूर खुशाल मराठीत लिहा, पण या दोन रकान्यांतले आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. देवनागरी अंक यंत्राला संख्या म्हणून कळत नाहीत आणि तेवढे बिंदू नकाशावर उमटतच नाहीत. ‘पाणी’च्या रकान्यात हो, नाही, माहीत नाही एवढेच तीन पर्याय ड्रॉपडाउनने द्या. नाहीतर कुणी ‘आहे’ लिहितो, कुणी ‘थोडं’, आणि पुढे रंगांनी वर्गवारी करताना सगळं अडतं.

जागेवर गेल्यावर विहिरीच्या काठाशी, शक्यतो उघड्या आभाळाखाली उभे राहा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि मोबाइलच्या नकाशावरचं अचूकतेचं वर्तुळ लहान झालं की मगच आकडे घ्या. मोकळ्या जागी मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. महाराज बाड्यामागच्या अरुंद गल्ल्यांत मात्र सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि बिंदू सहज शेजारच्या घरात जाऊन बसतो. अशा वेळी उपग्रहचित्रावर हाताने बिंदू ठेवा आणि ‘स्थान कसं घेतलं’मध्ये तसं लिहा. हा रकाना अनेकांना फालतू वाटतो, पण दोन नोंदी जुळेनात तेव्हा कुणावर विश्वास ठेवायचा ते हाच सांगतो. दशांशानंतर पाच स्थळं पुरे. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, त्यापुढचे आकडे मोबाइलच्या बाबतीत निरर्थक.

दोन चुका सगळ्यात जास्त होतात. पहिली, अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ. २६ अंश १३ मिनिटं म्हणजे २६.२१६६७. कुणी ते २६.१३ लिहिलं, की विहीर साडेनऊ किलोमीटर दक्षिणेला सरकते. दुसरी, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. ग्वाल्हेर साधारण २६.२२ उत्तर, ७८.१८ पूर्व. उलटं लिहिलं तर बिंदू थेट उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्डजवळच्या समुद्रात जातो. गूगल नकाशा आधी अक्षांश देतो, जिओजेसन या प्रकारच्या नकाशा-फाइलमध्ये आधी रेखांश असतो. गोंधळाचं मूळ तिथेच आहे. नकाशा उघडताच तो ध्रुवाकडे पसरलेला दिसला, तर आधी हेच तपासा.

आता यूमॅप. नवा नकाशा उघडा, शीट सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून उतरवा आणि ‘आयात’मधून चढवा. एक्सेलमधून काढत असाल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. नकाशा आपोआप अद्ययावत राहायला हवा असेल, तर शीटचं ते एक पान वेबवर सीएसव्ही रूपात प्रकाशित करा, मिळालेला दुवा थराच्या (लेयरच्या) दूरस्थ डेटाच्या खिडकीत द्या आणि बिंदू दिसेनात तर तिथला प्रॉक्सीचा पर्याय चालू करा. नवी नोंद नकाशावर यायला काही मिनिटं लागतात.

मात्र प्रकाशित पान म्हणजे सगळ्या जगाला उघडं पान. घरमालकाचं नाव, फोन, ‘दुपारी घरात कुणी नसतं’ असली टिपणं त्या शीटमध्ये अजिबात नकोत. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि दोन्ही फाइली क्रमांकाने जोडा. वाड्याच्या आतली विहीर असेल तर मालकाला विचारल्याशिवाय तिचा नेमका बिंदू दाखवू नये. गल्लीच्या तोंडाशी ठेवला तरी चालतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की त्यातलं स्थान पुसलं जातं, ते हवं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ड्राइव्हवरच्या फोटोची परवानगी ‘दुवा असलेल्या कुणालाही’ अशी नसेल, तर बाकीच्यांना फोटोऐवजी परवानगी मागणारं पान दिसतं.

अंतरं आणि क्षेत्रफळं नीट मोजायची असतील तर क्यूजीआयएस हे संगणकावरचं फुकट नकाशा-सॉफ्टवेअर घ्या, आणि इथे ग्वाल्हेरकरांना एक खास अडचण येते. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजण्याची पद्धत. तिच्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे, शहराच्या पश्चिमेला जेमतेम सतरा किलोमीटरवर. शहर ४४ मध्ये येतं, म्हणून ईपीएसजी ३२६४४ (त्या पट्ट्याचा सॉफ्टवेअरमधला क्रमांक) घ्या. इंदूर किंवा बडोद्याच्या मित्राची फाइल पाहून ३२६४३ लावू नका, तिकडे तोच बरोबर आहे. किल्ल्याचा पूर्वांक, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेचा मीटरमधला आकडा, ४४ मध्ये सुमारे २,१७,००० येतो, ४३ मध्ये सुमारे ८,१६,०००. ४३ चे आकडे ४४ म्हणून वाचले, तर किल्ला बिहारमध्ये सिवानकडे जातो. उलट केलं तर जोधपूरच्या पश्चिमेला. सुधारताना थराला नुसता नवा क्रमांक चिकटवू नका. आधी खरा क्रमांक द्या, मग ‘एक्स्पोर्ट’ करताना हवा तो निवडा.

क्यूजीआयएसमधली फाइल दुसऱ्याला देताना जिओपॅकेज या प्रकारात द्या. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याच्या नावाला दहा बाइटच मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षर तीन बाइट खातं, त्यामुळे मराठी नावं मध्येच कापली जातात.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपला द्यायचा विचार असेल, तर गूगलच्या नकाशावरून किंवा गूगलच्याच उपग्रहचित्रावरून काहीही उतरवून घेऊ नका, परवाना ते करू देत नाही. हवाई दलाच्या तळासारख्या ठिकाणांच्या जवळपास नोंदी घेऊच नका.

खातं न उघडता यूमॅप वापरलात, तर संपादनाचा गुप्त दुवा हीच एकमेव किल्ली असते. तो दोघांकडे लिहून ठेवा, गटात टाकू नका. गटात फक्त पाहण्याचा दुवा. दर रविवारी पूर्ण नकाशा आणि शीट दोन्ही उतरवून, फाइलच्या नावात तारीख घालून, कुणाच्या तरी संगणकावर ठेवत जा.