बसथांब्याचा कोड नकाशात भरताना

ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येणारा मोफत ऑनलाइन नकाशा) खातं आहे, एडिटर हाताळता येतो, असं धरूनच चालतो. बिंदू रस्त्याच्या मधोमध टाकू नका, प्रवासी उभे राहतात तिथे टाका. 'हायवे' (highway) या कीसमोर, म्हणजे माहितीच्या रकान्यासमोर, 'बस_स्टॉप' (bus_stop) लिहा, नाव पाटीवर आहे तसंच घ्या. समोरासमोर दोन थांबे असले तर बिंदूही दोन.

घोळ होतो तो 'रेफ' (ref), म्हणजे कोडचा रकाना, भरताना. 'आकडा दिसला की टाका रेफमध्ये' असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. मी ऐकलं आणि स्टँडवरचे फलाट क्रमांक 'रेफ'मध्ये भरत सुटलो. अमळनेरला 3, पाचोऱ्याला 3, चाळीसगावलाही 3! कोडवरून थांबा शोधायला गेलो तर तिन्ही समोर. सगळं निस्तरण्यात दोन रविवार गेले.

वाहतूक संस्थेने त्या एकाच थांब्याला दिलेला, तिच्या सगळ्या थांब्यांत वेगळा असा कोड असेल तरच तो 'रेफ'मध्ये जातो. फलाट क्रमांकाची जागा 'लोकल_रेफ' (local_ref). तिथे थांबणाऱ्या गाड्यांचे मार्ग क्रमांक 'रूट_रेफ'मध्ये (route_ref), मध्ये अर्धविराम देऊन.

धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव रस्त्यावर तर आणखी एक चूक हमखास होते. रस्त्याच्या 'रेफ'मध्ये 53 असतं, म्हणून लोक फाट्यावरच्या थांब्यालाही 53 चिकटवतात. तो महामार्गाचा क्रमांक आहे, पूर्वी 6 होता तोच. पिवळ्या डोक्याच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडाही थांब्याचा नव्हे.

फाट्यावर पुष्कळदा नुसतं निंबाचं झाड असतं, पाटीचा पत्ता नसतो. तिथे 'रेफ' रिकामं सोडा. मनाने 'एरं-01' असलं काही रचलंत तर पुढचा माणूस ते अधिकृत समजून त्यावर काम करत बसेल. हे मला खरंच सहन होत नाही.

कोड म्हणजे मजकूर, संख्या नव्हे. 0417 स्प्रेडशीटमध्ये टाकला की पुढचं शून्य उडतं, म्हणून तो रकाना आधीच मजकुराचा करून ठेवा. गुगलच्या नकाशावरून काहीही उचलू नका, परवान्यात ते बसत नाही. थांब्यावर जा, पाटीचा फोटो काढा, बदलाच्या टिपणीत 'प्रत्यक्ष पाहिलं' असं लिहा. सेव्ह करण्याआधी फोटो मोठा करून पुन्हा बघा. आपल्याकडच्या उन्हाने रंग उडालेल्या पाटीवर 3 आणि 8 सारखेच दिसतात.