शेततळ्यातलं शेवाळ आणि पाणतण: कधी, काय, किती

पाणी हिरवं झालं म्हणून लगेच कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘शेवाळाचं औषध’ मागू नका. आधी पाण्यात हात घाला. ओंजळीतलं पाणीच हिरवट आहे आणि हाताला काही लागत नाही, तर ते तरंगतं सूक्ष्म शेवाळ. ओल्या लोकरीसारखे तंतू हातात आले तर तंतुमय शेवाळ. हे तळाशी वाढतं आणि दुपारी त्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकले की गादी होऊन वर येतं. मुळं, पेरं, पानं दिसली तर ते शेवाळ नव्हे, हायड्रिलासारखं पाणतण. फुगीर देठांची जलपर्णी आणि काठावरचं पाणकणीस लांबूनच ओळखू येतं. यातल्या एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

मूळ मात्र सगळ्यांचं एकच: पाण्यात उतरलेलं नत्र आणि स्फुरद. शेतातून वाहून आलेलं पाणी, बांधावर रचलेलं शेणखत, तळ्यात उतरणारी गुरं, माशांना टाकलेलं जादा खाद्य, सगळं तिथेच जमतं. म्हणून बाहेर काढलेलं तण काठावर सोडायचं नाही. ते सडलं की तेच खत पहिल्या पावसात परत तळ्यात जातं. तळ्यापासून किमान ३० फूट दूर, उताराच्या खालच्या अंगाला ढीग लावा आणि त्याचं कंपोस्ट करा.

मे महिना हा साफसफाईचा. मातीचं तळं आटलं असेल तर गाळ काढून शेतात पसरा. पाणतणाचे कंद आणि बिया त्यातच असतात, त्यामुळे गाळ निघाला की पुढच्या वर्षाचं निम्मं काम हलकं होतं. चुना मात्र सरसकट टाकू नका. काळ्या मातीच्या भागात पाणी मुळातच विम्लधर्मी असतं, आधी सामू (पीएच) मोजा. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात उलट काळजी घ्यायची: तळाशी एक-दीड फूट पाणी राहू द्या, नाहीतर वाऱ्याने कागद फडफडतो आणि उन्हाने कडक होतो. बांधावरचा लव्हाळा खणून काढा, त्याचा टोकदार कोंब ५०० मायक्रॉनचा कागदही फोडतो. उंदरांची आणि खेकड्यांची बिळं बुजवा. भोक दिसलं तर एम-सील किंवा साधा गोंद लावून उपयोग नाही, एचडीपीई कागदाला तो धरतच नाही. त्याच जातीच्या कागदाचं ठिगळ गरम हवेच्या गनने वितळवूनच बसवावं लागतं.

बेशरमाची झुडपं तोडली तर फांद्या तिथे पडू देऊ नका. ओल मिळाली की प्रत्येक तुकडा मूळ धरतो.

पावसाळ्यात दोन गोष्टी बघा. सांडवा मोकळा हवा, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी शक्यतो बाहेरून वळवून द्या, कारण शेतातलं सुटं खत आणि शेण त्यातच असतं. नंतरचं पाणी आत घेताना तोंडाशी साधारण दोन मीटर लांब-रुंद आणि एक मीटर खोल गाळखड्डा असावा. तो पावसाळ्यात मधूनमधून उपसला नाही तर असून नसल्यासारखाच.

खरा प्रश्न ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. पाणी निवळतं, ऊन तळापर्यंत पोचतं आणि शेवाळ उसळतं. तंतुमय शेवाळ हातानेच काढावं. प्लास्टिकच्या तळ्यात लोखंडी दाताळं चालवू नका. काथ्याचा जाड दोर पाण्यात सोडून समोरासमोरच्या दोन बांधांवरून दोघांनी ओढत न्यायचा, शेवाळ त्याला गुंडाळलं जातं. हे काम एकट्याने कधीही करू नका. शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, उत्तम पोहणाराही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर किंवा जुन्या टायरची शिडी कायम सोडलेली हवी, हवेने भरलेली ट्यूब हाताशी हवी, आणि कुंपण नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी कुंपण करा.

मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) हा शेवटचा उपाय, आणि त्यात बहुतेकांचं गणित चुकतं. ३० × ३० × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या तळ्यात भरल्यावर २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. पण पाणी निम्म्या उंचीवर, दीड मीटरवर आलं की ते ११ लाख उरत नाही, पावणेदहा लाखच उरतं, कारण तळ अरुंद असतो. मात्रा १,००० लिटरला अर्धा ग्रॅम. भरलेल्या तळ्याला १.१ किलो, निम्म्या उंचीला साधारण ४९० ग्रॅम. मोरचुदाची पुरचुंडी सुती कापडात बांधून, दोराने पाण्यातून फिरवत विरघळवा. बादली प्लास्टिकची, लोखंडी नको. सकाळी नऊ ते अकरा, स्वच्छ उन्हात. एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्शालाच, त्या हिश्शाच्या पाण्यापुरती मात्रा. पुढचा हिस्सा आठ-दहा दिवसांनी. सगळं शेवाळ एकदम मेलं तर ते सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे औषधाने नव्हे, गुदमरून मरतात.

त्याआधी पाण्याची एकूण क्षारीयता प्रयोगशाळेतून तपासा. ती ५० पीपीएमच्या खाली असेल तर मोरचूद वापरू नका, इतक्या मऊ पाण्यात तांबं माशांना जहर ठरतं. कोकण-गोव्यातल्या जांभ्या जमिनीतल्या तळ्यांनी हे विशेष पाहावं. शेळ्या-मेंढ्या ज्या तळ्यावर पाणी पितात तिथेही नको, मेंढ्यांना तांबं अजिबात सोसत नाही. वर्षातून दोनदा-तीनदा मोरचूद टाकावं लागत असेल तर खत कुठून येतंय हे शोधा. तांबं गाळात साचत जातं, आणि शेवाळ खाणारे बारीक जीवही त्याने मरत असल्यामुळे शेवाळ पुन्हा आणखी जोरात येतं.

हायड्रिला तोडून काढताना सुटलेले तुकडे जाळीने वेचा, प्रत्येक तुकड्याचं नवं झाड होतं. त्यावर गवत्या मासा (ग्रास कार्प) चांगला. नऊ गुंठ्यांच्या तळ्याला १२ ते १५ पुरेत, पण किमान सहा इंच लांबीचे. बोटाएवढी पिल्लं (बोटुकली) कोवळा शेंडाच कुरतडतात. परिणाम हंगामभराने दिसतो. हा परदेशी मासा आहे, सांडव्याला जाळी लावल्याशिवाय सोडू नका. जलपर्णी तो खात नाही.

जलपर्णी जांभळी फुलं येण्याआधी मुळासकट काढा. एकदा बी गाळात पडलं की ते कित्येक वर्षं जिवंत राहतं. खत उतरलेल्या पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून चार रोपं दिसली तर त्याच दिवशी हात घालायचा. टू-फोर-डी या तणनाशकाची फवारणी करू नका. तुषार वाऱ्यावर गेले तर शेजारचा कापूस, टोमॅटो आणि द्राक्षबाग वाकडी होते. पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापा आणि महिन्याभराने पुन्हा कापा. देठांच्या पोकळीतून खालच्या कंदाला हवा पोचत नाही आणि तो कुजतो. पाण्यावर ठेवून कापलं तर फुटवे दुप्पट.

ठिबकवाल्यांनी फूटव्हॉल्व (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) तळाशी टेकवू नये आणि वरच्या थरातही ठेवू नये. रिकाम्या ड्रमला बांधून तो पृष्ठभागाखाली दोन फुटांवर तरंगत ठेवा. सँड फिल्टरच्या दोन्ही गेजमधला दाबाचा फरक ०.५ किलोवर गेला की लगेच बॅकवॉश करा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवा.

हिवाळ्यात मासे कमी खातात, खाद्य निम्म्यावर आणा. आठवड्यातून एकदा दुपारी पांढरी ताटली दोरीने पाण्यात सोडा. ती ३० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर खाद्य बंद करा आणि पहाटे तळ्यावर जा. मासे वर तोंड काढून हवा घेत असतील तर पंप लावून तळ्याचंच पाणी कारंज्याने तळ्यात सोडा, ऊन चढेपर्यंत.